नाथांनी राखलं, असं म्हणू का?



सात आठवडे रोजचं चिंतन बंद होतं. उजवा हात गळ्यात होता आणि डाव्या हाताने मराठी टाइप करणं म्हणजे स्वतःची परीक्षा बघणं. आता प्लास्टर निघालंय. आपण गीतेच्या नवव्या अध्यायात होतो आणि दुसऱ्या दिवशी ज्यावर लिहायचं होतं तो श्लोक २२वा. अनन्य भावाने चिंतन करणाऱ्यांचा योगक्षेम मी वाहतो, असं भगवंत सांगतात, तोच. त्याचे शेवटचे शब्द तर ज्यांनी गीता उघडलेली नाही त्यांनीही पाहिलेत, कारण एलआयसीच्या बोधचिन्हाखाली ते छापलेले असतात. हॉस्पिटलमध्ये इन्शुरन्सचा फॉर्म भरताना मला हे आठवलं आणि हसू आलं. हसल्यावर बरगड्या दुखल्या.

झालं ते थोडक्यात सांगतो. जानेवारीतला शेवटचा रविवार. सकाळी पैठणला नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं, तिथे एका मित्राकडे जेवलो, गप्पांत उशीर झाला. निघेपर्यंत अंधार पडलेला. धोरकीन सोडलं आणि बिडकीनच्या अलीकडे रस्त्यात उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. खूण म्हणून कोणीतरी रस्त्यावर दगड मांडून ठेवले होते. समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यांत, त्यामुळे ट्रॉली दिसली तेव्हा फार थोडं अंतर उरलं होतं. ट्रॉली चुकवली, दगड चुकला नाही. गाडी उजवीकडे आडवी झाली आणि मी तिच्याबरोबर घसरत गेलो. कॉलरबोन, मनगट आणि दोन बरगड्या. हेल्मेटची उजवी बाजू कानशिलापासून हनुवटीपर्यंत घासली गेली होती. ते हेल्मेट आता माझ्या टेबलावर आहे. ते घासलेलं मी किती वेळा बोटाने चाचपलंय, मोजलेलं नाही.

आता मुद्द्याचं.

दुसऱ्या दिवशी आत्या भेटायला आली. आत्या म्हणजे तोंडाने मोठी आणि मनाने त्याहून मोठी. कॉरिडॉरमध्येच तिने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "नाथांनी राखलं रे माझ्या पोराला! त्यांच्या दारातून येत होता, ते कसं काही होऊ देतील?" आई रडली. मलाही भरून आलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला एक प्रकारचा अभिमान वाटला. म्हणजे आपलं दर्शन, आपलं चिंतन, आपली एवढ्या वर्षांची वारी कुठेतरी जमा होत होती आणि वेळेला कामाला आली.

समोरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा आयसीयूत. बावीस वर्षांचा, त्याच रात्री दुसऱ्या रस्त्यावर गाडीवरून पडलेला. बाईंच्या मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत त्याचं हेल्मेट. गळ्यात तुळशीची माळ. आत्याचं वाक्य त्यांनी ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पिशवी नीट सावरून धरली.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो मुलगा गेला.

बाबा त्या वेळी तिथे होते. मी वॉर्डात झोपेच्या गोळीत. नंतर बाबांनी एवढंच सांगितलं, "त्या माउलीला कालचं ऐकू गेलं होतं रे." बस. आत्याला ते काही बोलले नाहीत, मलाही नाही. पण ते वाक्य बरगड्यांपेक्षा जास्त दिवस दुखलं.

कारण प्रश्न साधा आहे आणि त्यातून सुटका नाही. नाथांनी मला राखलं असेल, तर त्याला राखलं नाही. तुळशीची माळ त्याच्या आईच्याही गळ्यात होती. मग काय समजायचं? त्यांची भक्ती कमी पडली? त्याचं प्रारब्ध वाईट होतं आणि माझं चांगलं? हे वाक्य त्या बाकावर बसलेल्या बाईंकडे बघून मला म्हणता येईल का? नसेल, तर मग घरात बसून, पेढे वाटताना तरी मी ते का म्हणावं?

आमच्या धंद्यात प्रॉडक्शनला काही पडलं की नंतर आरसीए लिहावा लागतो. काय झालं, कधी झालं, कशामुळे झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. सवयीने मी माझ्या अपघाताचाही लिहिला. हॉस्पिटलच्या खाटेवर, फोनवर, डाव्या अंगठ्याने. वेग पन्नासच्या आसपास. हेल्मेट आयएसआयचं, पट्टा बंद. जाड जॅकेट, थंडी होती म्हणून. पडल्यावर समोरची गाडी वेळेत बाजूने निघून गेली. मदत लवकर मिळाली. फार समाधान वाटलं मला. सगळं समजलं, चमत्कार वगैरे काही नाही, पट्टा लावला म्हणून वाचलो. आपण भक्त असलो तरी इंजिनिअर आहोत, अडाणी नाही!

हे समाधान एक दिवस टिकलं. कारण मग पिशवीतलं हेल्मेट आठवलं. पट्टा त्यानेही लावला होता, हे त्याच्या मामांनी बाबांना सांगितलं होतं.

हेल्मेटबद्दल मी नंतर वाचलं. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा कोक्रेन या संस्थेने २००८ साली घेतला, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. फार मोठी गोष्ट आहे ही. केंद्र सरकारचा २०२२ चा रस्ते अपघातांचा अहवाल बघा: वर्षभरात १,६८,४९१ मृत्यू, त्यांतले ५०,०२९ हेल्मेट न घातलेल्यांचे. तेव्हा कृपा करून कोणी असं समजू नका की मी हेल्मेटला कमी लेखतोय. पण ४२ म्हणजे १०० नाही. मी ४२त आलो, तो उरलेल्यांत. हे का, याचं उत्तर आरसीएत नाही. 'देव' असा रकाना आमच्या टेम्प्लेटमध्ये नसतो, ते ठीक आहे. पण 'नशीब' लिहिलं तरी काय सांगितलं? न कळलेल्या गोष्टीला एक नाव दिलं, इतकंच.

म्हणजे आत्याचं वाक्य त्या माउलीसमोर टिकत नाही आणि माझा आरसीए त्या पिशवीसमोर टिकत नाही.

इथे थोडं मागे जातो, कारण पैठण रस्ता माझ्यासाठी नुसता रस्ता नाही.

बाबा वाळूजला एका व्हेंडर कंपनीत होते. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने अशा कितीतरी छोट्या कंपन्या आणि कितीतरी आमच्यासारखी घरं उभी राहिली. आमच्याकडे चेतक होती, निळसर राखाडी. आम्ही चौघं त्या चेतकवर. बहीण पुढे उभी, दोन्ही हात हँडलच्या मधे. मग बाबा. बाबा आणि आईच्या मधे सँडविच झालेला मी. आई एका बाजूला पाय सोडून, मांडीवर डब्यांची पिशवी, पदर खोचलेला. श्रावणी सोमवारी वेरूळला घृष्णेश्वर, शनिवारी खुलताबादला भद्रा मारुती, आणि फाल्गुनात नाथषष्ठीच्या आसपास पैठण. भद्रा मारुती झोपलेला आहे, हे लहानपणी मला फार आवडायचं. इतका ताकदवान देव आणि दुपारी आमच्या बाबांसारखा आडवा!

पैठण म्हणजे पन्नास किलोमीटर. नक्षत्रवाडी, कांचनवाडी, चितेगाव, बिडकीन, धोरकीन ही नावं मला पाढ्यांसारखी पाठ होती. बाबा गाडी चालवता चालवता हरिपाठ म्हणायचे. वाऱ्याने अर्धे शब्द मागे यायचे, अर्धे उडून जायचे. मी बाबांच्या पाठीला गाल लावून बसायचो, तेव्हा अभंग कानाने कमी आणि गालाने जास्त ऐकू यायचा. टू-स्ट्रोकचा तो ऑइलमिश्रित धूर, आईच्या पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. रिझर्व्हवर आली की गाडी एका बाजूला वाकवायची, मग पुन्हा किक. पैठणला पोचलो की आधी गोदावरीत पाय, मग नाथांचं दर्शन, मग ज्ञानेश्वर उद्यान. माझ्या मनात भक्ती नावाची जी काही गोष्ट आहे ना, तिचा पहिला आकार हाच आहे. बाबांची पाठ.

आणि हेल्मेट? चौघांत मिळून एक. बाबांचं. तेही बहुतेक वेळा डिकीपाशी लटकवलेलं.

आज मोजायला बसलो तर ते सगळं बेकायदेशीर होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ सांगतं की दुचाकीवर चालकाशिवाय एकच माणूस. २०२२ च्या नियमांनुसार तर चार वर्षांखालच्या लेकराला हेल्मेट हवं, चालकाला बांधून ठेवणारा पट्टा हवा आणि वेग ४०च्या आत हवा. हे सगळं बरोबरच आहे. पण माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुरक्षित वाटलेल्या जागा कोणत्या असं विचाराल तर मी चेतकवरचं ते सँडविच सांगेन. जी जागा प्रत्यक्षात सगळ्यात धोक्याची होती, तीच. याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

१९९९ च्या पावसाळ्यात आम्ही चौघं बिडकीनजवळ पडलो होतो. म्हणजे आता मी पडलो तिथून फार लांब नाही. चिखल होता, पुढचं चाक सरकलं. वेग नव्हताच. आईचा गुडघा फुटला, तो व्रण अजून आहे. बहीण चिखलात बसून आधी हसली आणि आमचे चेहरे बघून मग रडली. बाबांनी प्रत्येकाला हात लावून पाहिलं, गाडी उभी केली, किक मारली. धोरकीनला चहा पाजला आणि पैठणला नारळ फोडला. "नाथांनी राखलं," असं म्हणाले. मी नऊ वर्षांचा होतो. मला ते शंभर टक्के पटलं होतं.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर एका रात्री दोघांनाही झोप येत नव्हती. मला दुखण्यामुळे, बाबांना वयामुळे. मी त्यांना ते १९९९ चं विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी त्या रात्री झोपलो नव्हतो. तू विसरला असशील, पण आपल्या मागून एक ट्रक येत होता. तो थांबला. नाथांनी राखलं म्हणालो खरं, पण मनात दुसरंच होतं. हेल्मेट एक, माणसं चार, रस्ता ओला, आणि सगळा भार टाकलाय नाथांवर. त्यांना विचारलं होतं का आपण, एवढं पेलाल का म्हणून?"

मी विचारलं, "मग नंतर का नाही थांबलो आपण? पुढची चार वर्षं तसेच जात होतो की."

ते म्हणाले, "दुसरी गाडी घ्यायला पैसे कुठे होते? आणि तुम्हाला न्यायचं होतं ना."

यावर मी काय बोलणार? एसटी होती, हे खरं. पण चौघांचं जाऊन-येऊन तिकीट त्या पगारात काय होतं हे मला ठाऊक नाही, त्यांना ठाऊक आहे. शहाणपण शिकवणं सोपं असतं, विशेषतः पुढच्या पिढीला.

आता श्लोकाकडे. 'योगक्षेम' या शब्दाची फोड आचार्य करतात ती अशी: जे मिळालेलं नाही ते मिळणं म्हणजे योग, जे मिळालंय त्याचं रक्षण म्हणजे क्षेम. आपण पटकन त्याचा अर्थ पॉलिसीसारखा लावतो. अनन्य भक्ती हा हप्ता, संकटात रक्षण हा क्लेम. हप्ता वेळेवर भरला तर क्लेम मंजूर. आत्याचं वाक्य नेमकं असंच आहे, दारातून येत होता, मग कसं काही होईल! पण असं वाचलं की लगेच पुढचं येतं: ज्याचा क्लेम नामंजूर झाला त्याने हप्ता चुकवला असणार. त्या माउलीवर हा आरोप होतो, आणि तो आपण पेढ्याच्या बॉक्सबरोबर करतो.

ज्ञानोबा माउली याच श्लोकावर पक्षिणीची उपमा देतात. पंख न फुटलेल्या पिलांसाठीच जगणारी पक्षीण. मला ती आधी फार गोड वाटायची. या वेळी वाचताना थांबलो. पंख न फुटलेलं पिलू कुठे हप्ता भरतं? त्याला घरट्याबाहेरचं काही ठाऊकच नसतं, त्याचं अनन्यपण म्हणजे तेवढंच. आणि पक्षीण आहे म्हणून वादळ येत नाही, असंही माउली कुठे म्हणत नाहीत. त्याच अध्यायात थोडं पुढे, २९व्या श्लोकात, भगवंत स्वच्छ सांगतात की मी सगळ्या भूतांच्या ठायी सम आहे, मला कोणी नावडता नाही, कोणी लाडका नाही. मग भक्त माझ्यात आणि मी त्यांच्यात, असंही म्हणतात. 'त्यांना अपघात होत नाही' असं म्हणत नाहीत. २२वा वाचताना २९वा विसरायचा नाही, एवढं मी आता स्वतःपुरतं ठरवलंय.

पण याहून जास्त आधार मला भागवताच्या पहिल्या स्कंधाने दिला. सुट्टीत ते ऐकत होतो. तिथे हाच माझा प्रश्न उघडा पडलेला आहे. एकाच घरात. अश्वत्थाम्याने रात्री झोपेत द्रौपदीची पाचही मुलं मारली. त्याच अश्वत्थाम्याचं अस्त्र उत्तरेच्या गर्भावर आलं आणि कृष्णाने तो गर्भ राखला. परीक्षित वाचला, ती पाच मुलं नाही वाचली. अभिमन्यूही नाही, आणि तो तर कृष्णाचा सख्खा भाचा. कृष्ण तिथेच होता की, त्याच युद्धात! द्रौपदीपेक्षा अनन्य कोण होतं? तिची भक्ती कमी पडली असं म्हणायची छाती आहे कोणाची?

आणि द्रौपदी काय करते? अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून तिच्यापुढे आणतो, तेव्हा ती म्हणते सोडा याला. माझी मुलं गेली म्हणून मी रडतेय, तशी याची आई रडायला नको. कृपी जिवंत आहे, तिचा विचार करा. मी हे पूर्वी क्षमेची गोष्ट म्हणून ऐकलं होतं. आता वाटतं, द्रौपदीला त्या घटकेला समोरच्या बाकावर बसलेली आई दिसली. मला दिसली नव्हती. मी माझ्या जमा खात्याकडे बघत होतो.

परीक्षिताचंही बघा. गर्भात असताना ज्याने राखलं तो कोण, हे जन्मल्यावर तो माणसामाणसांत शोधत राहिला, पारखत राहिला, म्हणून तो परीक्षित, असं भागवत सांगतं. देवाने प्रत्यक्ष राखलेला माणूस. त्याचं पुढे काय झालं? एक दिवस तहानेने चिडून त्याने ध्यानाला बसलेल्या शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला साप टाकला. शाप झाला, आणि सात दिवसांत गेला. म्हणजे राखलेला माणूसही कायमचा राखलेला नसतो आणि चांगलाच वागेल असंही नाही. हे वाचून मला जरा हलकं वाटलं. मी वाचलो यात माझी लायकी शोधण्याचं ओझं उतरलं.

मग धन्यवाद म्हणायचाच नाही का? अपघातानंतर पहिल्या क्षणी मी काय केलं ते सांगतो. रस्त्यावर उताणा पडलो होतो, वर तारे होते. तोंडातून 'नाथा' एवढंच आलं. त्यात कारणमीमांसा नव्हती. कोणी राखलं, का राखलं, दुसऱ्याला का नाही, यातलं काही नव्हतं. लहान मूल पडल्यावर आईला हाक मारतं तशी हाक होती. ती हाक खोटी होती असं मला अजूनही म्हणता येत नाही, आणि कोणी म्हणालं तर मी ऐकणार नाही. घोटाळा नंतर झाला, जेव्हा त्या हाकेचा आम्ही पुरावा केला. हाक नाथांकडे बघून मारलेली असते. पुरावा लोकांकडे बघून दिलेला असतो, आणि त्या लोकांत ती बाईही बसलेली असते.

अजून एक माणूस आहे, त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

मी पडल्यावर सात-आठ वाहनं तरी बाजूने गेली. दिवे येत, हळू होत, जात. मी रागावलो नाही, कारण मी स्वतः आयुष्यात निदान तीनदा अशाच गर्दीच्या बाजूने निघून गेलोय. एकदा तर कॉल चालू होता म्हणून. मग एक पिकअप थांबली. भाजी भरलेली, जाधववाडीच्या मार्केटला चाललेली. ड्रायव्हर खाली उतरला आणि पहिली गोष्ट काय केली असेल? माझ्याकडे आला नाही. आधी पिकअप माझ्यामागे तिरपी लावली आणि पार्किंगचे दिवे चालू केले, म्हणजे मागून येणारा अजून कोणी आमच्यावर येऊ नये. मग आला. हेल्मेट ओढू नको म्हणाला, १०८ ला फोन लावला, माझा फोन माझ्याच अंगठ्याने उघडून 'बाबा' शोधून लावला. स्वतःचा गमछा डोक्याखाली दिला. अँब्युलन्स येईपर्यंत बसून राहिला आणि मग "निघतो भाऊ, माल आहे" म्हणून गेला. नाव नाही, नंबर नाही. गमछा माझ्याकडेच राहिला. अशा माणसाला पोलीस-कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मार्गदर्शक सूचना पक्क्या केल्या, २०१९ च्या दुरुस्तीत कायद्यात कलम १३४ अ आलं. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर नाही. त्याला हे ठाऊक होतं का? मला नाही वाटत. तो तसाच थांबला असावा.

नाथांनी काशीहून आणलेली कावड, रामेश्वराला वाहायची गंगा, वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, ही गोष्ट आपल्याला पहिलीपासून माहीत आहे. मी कीर्तनात दहा वेळा ऐकलीय आणि प्रत्येक वेळी स्वतःला नाथांच्या बाजूला उभं करून ऐकलीय. या वेळी मी गाढवाच्या जागी होतो. तिथून गोष्ट वेगळी दिसते हो. गाढवाला कुठे ठाऊक असतं ही गंगा आहे, कुठून आणलीय, किती महिने चाललेत? त्याने लायकी दाखवली नव्हती. ते फक्त वाटेत पडलेलं होतं.

घरात लोक म्हणतात तो ड्रायव्हर म्हणजे देवच. मी मान डोलावतो. पण मनात येतं, त्याला देव करून टाकलं की मग मला थांबायची गरज उरत नाही. तो देव होता, मी माणूस आहे, माझा कॉल चालू आहे.

गेल्या आठवड्यात नाथषष्ठी झाली. पैठण रस्त्याने दिंड्या चालल्या होत्या. आम्ही एसटीने गेलो, बाबा, आई, बायको, माझी पाच वर्षांची मुलगी आणि मी. मुलीला खिडकी दिली. तिने विचारलं, "बाबा, तुम्ही पडलात ती जागा कुठेय?" मला नक्की दाखवता येईना. रस्ता अगदी साधा दिसत होता. ट्रॉली नव्हती, दगड नव्हते. मी उगाच एका बाभळीकडे बोट दाखवलं. आणि आजोबा पडले होते ती? बाबांनी विचार न करता खिडकीबाहेर बोट केलं, "ही." सव्वीस-सत्तावीस वर्षांनंतरही.

दर्शनाची रांग मोठी होती. मी आत काय बोलायचं हे ठरवून गेलो होतो, आतमध्ये काहीच आठवलं नाही. बाहेर आलो, नदीवर गेलो. आईने द्रोणातला दिवा घेतला. मी म्हणालो, एक त्या मुलासाठीपण सोडू. दुसरा द्रोण घेतला, वात लावली, आणि पाण्याशी वाकलो तेव्हा बायकोने सहज विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

मला माहीत नव्हतं. सात आठवडे मी त्याच्यावर विचार करत होतो. त्याचं हेल्मेट, त्याची टक्केवारी, त्याचं प्रारब्ध, त्याच्या आईची माळ. नवव्या अध्यायाच्या तीन टीका वाचल्या. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नव्हतं.

बाबा माझ्या शेजारी उतरून आले, एक हात माझ्या दुखऱ्या खांद्याला न लागेल असा पाठीवर ठेवला, आणि त्यांनी त्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्या दिवशी बाकावर चहा देताना त्यांनी विचारून ठेवलं होतं.

ते इथे लिहीत नाही. दिवा मात्र बराच पुढे गेला, मुलगी घाटावरून पळत त्याच्याबरोबर निघाली होती, तिला धरायला मी मागे गेलो.